‘पंक्चर काढायला गेलो, दोन टायर गळ्यात मारले’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला दोन तास बसून राहावं लागलं आणि काउंटरवरचा मुलगा तुमच्याशी तुटक बोलला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. किती वेळ लागेल ते आधीच सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, चूक आमची.

पण ‘नक्षी चांगली असताना दोन टायर गळ्यात मारले’ हे वाक्य जिव्हारी लागलं. असं एक वाक्य वाचून माणसं बाहेरच्या बाहेर परत जातात, म्हणून उत्तरही इथेच, सगळ्यांसमोर देतो.

तुमच्या लिहिण्यात एक गोष्ट राहून गेली. गाडी आणली तेव्हा तुम्ही स्वतः सांगितलं होतं, की हवा पूर्ण गेली होती, पण दुकान तीनच किलोमीटरवर होतं म्हणून हळूहळू चालवत आणली. साहेब, टायर त्या तीन किलोमीटरमध्ये गेला. खिळ्याने नाही गेला. खिळा जेमतेम 3 मिलिमीटर जाडीचा आणि नक्षीच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या खाचांच्या पट्ट्याच्या, मधोमध होता. 6 मिलिमीटरपर्यंतचं भोक नक्षीच्या पट्ट्यात असेल तर आतून मशरूम पॅच (दांड्याने भोक बुजवणारं, टोपीसारखं ठिगळ) बसवून टायर व्यवस्थित दुरुस्त होतो. जागच्या जागी थांबून स्टेपनी लावून आला असतात, तर आम्ही पंक्चरच काढून दिलं असतं.

गाडीचं वजन रबर पेलत नाही, आत कोंडलेली हवा पेलते. हवा गेली की टायरची बाजूची भिंत रिमची कड आणि रस्ता यांच्यामध्ये चेपली जाते, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला तीच भिंत नव्याने दुमडते. तुमच्या 185/65 आर 15 मापाच्या टायरचा घेर 1.95 मीटरच्या आसपास असतो. म्हणजे तीन किलोमीटरमध्ये ती पंधराशेच्या वर वेळा दुमडली. वेग कमी होता हे खरं, पण दुमडणं काही कमी झालं नाही. पोलादी पट्टे असतात ते नक्षीखाली. बाजूच्या भिंतीत धाग्यांचे पदर असतात. ते घासतात, तापतात, रबरापासून सुटतात.

मशीनवर टायर उतरवला तेव्हा आतून मूठभर काळा भुगा निघाला, खोडरबराच्या चुऱ्यासारखा. तो बाहेरून आलेला कचरा नव्हता, तुमच्याच टायरच्या भिंतीचं आतलं रबर होतं. टॉर्च धरली तर भिंतीवर गोल फिरलेला खरवडल्याचा पट्टा दिसत होता, आणि एका जागी हवा धरून ठेवणारा आतला थर निघून धागे उघडे पडले होते. अशा टायरला पॅच मारला तर हवा नक्की धरतो. साबणाचं पाणी लावलं तर एक बुडबुडा येत नाही. घरी जाताना काही होत नाही. मग कधीतरी भरलेली गाडी, तापलेला रस्ता, मोठा वेग, आणि ती भिंत एकदम फुटते. तुमचा तर पुढचा टायर होता. तो दुरुस्त करून द्यायला आम्ही नकार दिला आणि पुढेही देऊ. दुसरीकडे कोणी ‘हवा भरली, चालतोय’ म्हणून दिला असता, तर तो टायर घेऊ नका असंच सांगितलं असतं.

हे सगळं मुलाने तुम्हाला मशीनपाशी बोलावून दाखवायला हवं होतं. ‘हा गेला, नवीन घ्या’ एवढंच म्हणून तो मोकळा झाला. त्याला समज दिली आहे.

दुसरा टायर का, तेही सांगतो. पुढच्या उजव्या टायरला मध्ये 4 मिलिमीटर नक्षी होती, तुम्ही पाहिलीत ती तीच. पण आतल्या कडेला नक्षी खाचांमधल्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली होती. ते उंचवटे 1.6 मिलिमीटरचे असतात, नक्षी तिथवर घासली की टायर संपला. गाडीशेजारी उभं राहून ही कड दिसत नाही. स्टिअरिंग पूर्ण वळवून हात आत घालून चाचपावी लागते. तुमची पुढची चाकं किंचित बाहेर फाकलेली होती, त्यामुळे आतली कड खाल्ली गेली. म्हणून अलाइनमेंटही, म्हणजे चाकांचा कोन जुळवायचं काम, केलं. ते न करता नवे टायर टाकले असते तर त्यांचीही तीच गत झाली असती.

‘स्टेपनी कोरी होती, ती लावून एक टायर वाचला असता’ असंही लिहिलंय. स्टेपनीच्या बाजूवर DOT ने सुरू होणारा कोड असतो, त्याचे शेवटचे चार आकडे 1213 आहेत; पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. म्हणजे 2013 सालच्या 12व्या आठवड्यात बनलेली. डिकीत पडून रबर वापरलं जात नाही, पण म्हातारं होतंच. खाचा बोटांनी फाकवल्यावर तळाशी केसांसारख्या चिरा दिसत होत्या. दहा वर्षांवरचा टायर नक्षी कितीही कोरी असली तरी कायमचा चालवू नये.

आणि ‘नवे टायर पुढे टाकायचे सोडून मागे टाकले, एवढंही कळत नाही’ याबद्दल. ते चुकून झालेलं नाही. ओल्या रस्त्यावर पुढची पकड सुटली तर स्टिअरिंग हलकं पडतं, गाडी सरळ जाऊ लागते, आपल्याला कळतं आणि पाय उचलला की बहुधा सावरते. मागची पकड सुटली की गाडी गर्रकन फिरते, हातात काही उरत नाही. म्हणून जास्त नक्षीची जोडी मागे, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. तुमचे मागचे 5 मिलिमीटरचे चांगले टायर पुढे घेतले, चारही चाकांचं बॅलन्सिंग केलं, दोन्ही नव्या टायरना नवे व्हॉल्व्ह घातले. दोन तासांतला बराच वेळ यात गेला, बाकीचा गर्दीत. गर्दीच्या वेळेचं काय करायचं ते आम्ही बघतो आहोत, फरक दिसेल.

तुमचा जुना टायर भंगारात दिलेला नाही, बाजूला ठेवलाय. कधीही या, आत हात फिरवून बघा. त्या पट्ट्यावरचं रबर अजून बोटाला लागतं.

तसंही एकदा यावंच लागेल. चाकं काढून बसवल्यावर 50 ते 100 किलोमीटरनंतर नट टॉर्क रेंचने पुन्हा तपासायचे असतात. पाच मिनिटांचं काम आहे, थांबावं लागणार नाही. हवा मात्र टायर थंड असताना बघा, आणि आकडा टायरवरचा नको, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या. टायरवर लिहिलेली असते ती कमाल मर्यादा. स्टेपनी तेवढी लवकर बदला. आमच्याकडूनच घ्या असं अजिबात नाही.