फॉरवर्ड पासचा शोध १९१३ साली लागला? अजिबात नाही

इंडियानात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने घरच्या ग्रुपवर एक व्हिडिओ टाकला आणि सगळ्या काका-मावश्यांनी त्यावर धडाधड अंगठे दिले. व्हिडिओ म्हणतो: १९१३ साली नोटर डेम या कुणाला ठाऊक नसलेल्या कॉलेजने अमेरिकन फुटबॉलमध्ये फॉरवर्ड पासचा, म्हणजे चेंडू पुढच्या गड्याकडे फेकण्याचा, शोध लावला आणि आर्मीला, म्हणजे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीच्या संघाला, लोळवलं, हरलेल्या संघात भावी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर होता.

शोध कसला डोंबलाचा! त्या काळी मैदानावर इतकी पोरं दगावत की १९०५ साली राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टने हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. नियम बदलले आणि १९०६ला पासला परवानगी मिळाली. त्याच ५ सप्टेंबरला विस्कॉन्सिनमधल्या वॉकेशात सेंट लुईस विद्यापीठाच्या ब्रॅडबरी रॉबिन्सनने पास फेकला. पहिला वाया गेला, तेव्हाच्या नियमाने चेंडूच प्रतिस्पर्ध्यांना मिळाला. पुढचा जॅक श्नायडरने झेलला आणि टचडाउन केला, म्हणजे चेंडू प्रतिस्पर्ध्यांच्या गोलरेषेपार नेऊन गुण मिळवले. तो मोसम सेंट लुईसने अकराच्या अकरा सामने जिंकून संपवला. आणि हे श्रेय त्यांचे प्रशिक्षक एडी कोकम्स यांना कोण देतं? १९१३च्या त्याच सामन्यात नोटर डेमकडून खेळलेला क्नूट रॉकनी स्वतः, आपल्या आत्मचरित्रात! ज्याच्या नावाने ढोल वाजवताय तोच नाही म्हणतोय, आणखी काय हवं?

बरं, 'पूर्वेकडच्यांनी पास पाहिलाच नव्हता' हे व्हिडिओतलं वाक्य तर संतापजनक आहे. कार्लाइल ही पूर्वेकडच्याच पेनसिल्वेनियातली तेव्हाची सरकारी निवासी शाळा. मूलनिवासी जमातींची मुलं तिथे आणून त्यांचे केस कापत, मातृभाषा बोलू देत नसत. त्याच पोरांनी १९०७ साली, भर फिलाडेल्फियात, पेनसिल्वेनिया विद्यापीठाला २६-६ हरवलं, तेही लांब पास फेकून. नोटर डेमच्या सहा वर्षं आधी! भाषा काढून घेतली, केस काढून घेतले, आता खेळातलं श्रेयही दुसऱ्याला देऊन टाकायचं?

आयसेनहॉवर आर्मीकडून १९१२ साली कार्लाइलविरुद्ध खेळला होता. त्याच मोसमात गुडघा गेला आणि त्याचं खेळणं संपलं, म्हणजे १९१३च्या सामन्यात तो नव्हताच. आणि 'कुणाला ठाऊक नसलेलं' नोटर डेम? १९०९ला त्यांनी मिशिगन विद्यापीठाच्या तगड्या संघाला ११-३ हरवलं होतं. असो.

एक गोष्ट मात्र नाइलाजाने मान्य करतो. १ नोव्हेंबर १९१३ला वेस्ट पॉइंटवर नोटर डेमने आर्मीला ३५-१३ हरवलं, हे खरंच. नोटर डेमचा पास फेकणारा गस डोरे आणि झेलणारा रॉकनी यांनी त्या उन्हाळ्यात सीडर पॉइंटच्या किनाऱ्यावर पासचा घाम गाळून सराव केला होता. एवढ्या भरवशाने, एवढे लांब पास आर्मीवर कुणी टाकले नव्हते. ते पाहून आर्मीही शहाणी झाली: मोसमाच्या शेवटी तिने नेव्हीला, म्हणजे नौदल अकादमीच्या संघाला, २२-९ हरवलं, पास फेकूनच.