शिकागोचं उदाहरण देताय ना, मग शिकागोबद्दल पूर्ण बोलूया

आमच्या फॅमिली ग्रुपवर परवा मामांनी एक फॉरवर्ड टाकला, आणि तोच आठवड्याभरात मला आणखी तीन ठिकाणांहून आला म्हणून सविस्तर लिहितेय. त्यात थोडक्यात असं आहे की शिकागोत बंदुकीचे कायदे अमेरिकेत सगळ्यात कडक आणि खूनही तिथेच सगळ्यात जास्त, गुन्हेगार कायदा पाळतच नाही त्यामुळे कायद्याने फक्त सज्जन माणसाचे हात बांधले जातात, स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी बंदूक आहे तरी सगळं शांत, सेकंड अमेंडमेंटमुळे, म्हणजे अमेरिकन संविधानातल्या बंदुकीच्या हक्काच्या दुरुस्तीमुळे, सरकारला बंदुकीला हातच लावता येत नाही, बंदूकवाल्या वाईट माणसाला बंदूकवाला चांगला माणूसच थांबवतो, आणि शेवटी गांधीजींचं वाक्य, की इंग्रजांच्या सगळ्या दुष्कृत्यांमध्ये अख्ख्या देशाला निःशस्त्र करणारा कायदा सगळ्यात काळा. मामा, तुम्ही मोठे आहात, राग मानू नका, पण मी अकरा वर्षं शिकागोच्या उपनगरात राहतेय, मुलगी इथल्या शाळेत तिसरीत आहे, आणि हे वाचून मला गप्प बसवेना.

आधी शिकागो, कारण सगळा डोलारा त्याच्यावरच उभा आहे. खून होतात हे खरंय, आणि साउथ साइड वेस्ट साइडच्या ज्या वस्त्यांमध्ये होतात तिथल्या आयांचं दुःख कुठल्या आकड्यात मावणारं नाही. पण शिकागोची लोकसंख्या २७ लाख आहे, तिथले एकूण खून मोजून तीन लाखांच्या शहराशी तुलना करायची नसते, लाखामागे किती ते बघायचं असतं. २०२० मध्ये शिकागोत लाखामागे साधारण २८ खून झाले आणि त्याच वर्षी मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसमध्ये ८७ च्या आसपास, म्हणजे तिप्पट. आता मिसुरीचे कायदे बघा. हँडगन, म्हणजे पिस्तूल-रिव्हॉल्व्हर, विकत घ्यायच्या आधी परमिट काढावं लागायचं ते त्यांनी २००७ ला रद्द केलं, आणि २०१७ पासून तर लायसन्स नसताना बंदूक कपड्याखाली लपवून बरोबर बाळगता येते. कायदे ढिले केले की शहर सुरक्षित होतं असं असतं तर सेंट लुईस एव्हाना स्वर्ग व्हायला हवं होतं. अख्खी राज्यं घेतली तरी तेच. २०२१ मध्ये बंदुकीने गेलेली माणसं मिसिसिपीत लाखामागे जवळपास ३४, शिकागो ज्या राज्यात आहे त्या इलिनॉयमध्ये १६, मॅसॅच्युसेट्समध्ये ३.४. यात मॅसॅच्युसेट्सचे कायदे देशात सगळ्यात कडक समजल्या जाणाऱ्यांपैकी आणि मिसिसिपीचे सगळ्यात ढिल्यांपैकी.

शिवाय शिकागोची ती हँडगनबंदी, १९८२ ची, जिच्या जोरावर हा मुद्दा वर्षानुवर्षं फिरतोय, ती सुप्रीम कोर्टाने २०१० मध्येच उडवली. २०१३ पासून इलिनॉयमध्ये लायसन्स काढून बंदूक बाळगता पण येते. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे माहीतच नाही किंवा सांगायचं नाहीये.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे या बंदुका येतात कुठून. शिकागोच्या दक्षिणेला कॅल्युमेट सिटी म्हणून गाव आहे, त्याला चिकटून हॅमंड, आणि मधून स्टेट लाइन नावाचा रस्ता जातो. रस्त्याची एक बाजू इलिनॉय, दुसरी इंडियाना, मध्ये ना नाका ना काही, आपण भाजी घ्यायला रस्ता क्रॉस करतो तसं राज्य बदलतं. पेट्रोल तिकडे स्वस्त म्हणून इकडची माणसं तिकडे जातात. इलिनॉयमध्ये फटाक्यांवर बंदी आहे तरी चार जुलैला आमच्या गल्लीत रात्री बारापर्यंत फटाके वाजतात, ते सगळे इंडियानाचे, कोणालाही विचारा. मग बंदुका कशा थांबतील? शहरानेच २०१७ ला रिपोर्ट काढला होता, पोलिसांनी पकडलेल्या ज्या बंदुकांचा माग लागला त्यातल्या साधारण ६० टक्के बाहेरच्या राज्यातून आलेल्या आणि एकट्या इंडियानाचा वाटा पाचव्या हिश्शाच्या आसपास. कायद्याने दुसऱ्या राज्यात जाऊन हँडगन घेता येत नाही, म्हणून ज्याचं रेकॉर्ड स्वच्छ आहे अशा तिथल्याच माणसाला पैसे देऊन त्याच्या नावावर घ्यायची आणि इकडे आणून विकायची. ज्या घराची पुढची भिंत भक्कम आणि मागचं दार सताड उघडं त्या घरात चोरी झाली तर भिंतीला दोष देणार का?

आता "गुन्हेगार कायदा पाळतच नाही". हे ऐकायला बिनतोड वाटतं. पण मग चोर चोरी करणारच म्हणून चोरीचा कायदा काढून टाकायचा का, असं मी मामांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले ते वेगळं. वेगळं नाहीये. मागे ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याबरोबर बंदुकीच्या दुकानात गेले होते, तो शिकारीला जातो, चांगला माणूस आहे, त्याने काउंटरवर उभं राहून ४४७३ नंबरचा फॉर्म भरला, नाव, पत्ता, कधी गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलात का, ही बंदूक खरंच स्वतःसाठी घेताय का, मग दुकानदाराने सिस्टिममध्ये टाकलं आणि आम्ही काचेच्या कपाटांसमोर उभे राहिलो. ही तपासणी १९९८ पासून आहे आणि तेव्हापासून एकट्या एफबीआयने २० लाखांहून जास्त वेळा "नाही" म्हटलंय. म्हणजे कायदा न पाळणारेसुद्धा दुकानात येतात आणि अडतात. पण तीच बंदूक कोणी खासगी माणूस दुसऱ्याला विकत असेल, तर फेडरल कायद्यात चेक करणं बंधनकारक नाही, फक्त काही राज्यांनी आपापलं केलंय. २०१२ च्या डिसेंबरमध्ये सँडी हूकच्या शाळेत २० लहान मुलं आणि ६ मोठी माणसं मारली गेली, त्यानंतर एप्रिल २०१३ मध्ये गन शो (बंदुकांची प्रदर्शनं) आणि ऑनलाइन विक्रीला चेक लावायचं बिल सिनेटमध्ये आलं, ५४ विरुद्ध ४६ मतं पडली, बाजूने ५४, आणि तरी पडलं, कारण असं बिल पुढे न्यायला तिथे ६० लागतात.

वेस्ट व्हर्जिनियात मार्टिन्सबर्गला एक सरकारी ऑफिस आहे, खुनात सापडलेली बंदूक पहिल्यांदा कोणी विकत घेतली ते शोधणारं. बंद पडलेल्या दुकानांची कागदपत्रं तिथे खोकीच्या खोकी येतात, ती स्कॅन होतात पण नाव टाकून सर्च करता येत नाही, कारण १९८६ च्या कायद्याने बंदूकमालकांची केंद्रीय नोंद ठेवायलाच मनाई केलीय. माणसं एकेक पान बघत बसतात. आधी कायद्याचे हातपाय बांधायचे आणि मग म्हणायचं कायद्याने काही होत नाही, याचा मला खरोखर संताप येतो.

हो, कायदे फसतात हेही मान्य करते. २०२२ च्या चार जुलैला इथेच शिकागोजवळ हायलंड पार्कच्या परेडमधल्या गोळीबारात ७ माणसं गेली, गोळ्या झाडणाऱ्या मुलाबद्दल पोलिसांकडे आधी तक्रार गेली होती तरी त्याला वडिलांच्या सहीवर बंदूक घ्यायला लागणारं राज्याचं कार्ड मिळालं होतं. पण म्हणजे तो रेकॉर्डवरचा गुन्हेगार नव्हता, त्याने बंदूक रीतसर विकत घेतली होती, मग फॉरवर्डचा "गुन्हेगार" इथे कुठे बसतो?

स्वित्झर्लंड. तिथे बंदुका आहेत कारण सक्तीची लष्करी सेवा आहे, माणूस आधी ट्रेनिंग घेतो मग रायफल घरी नेतो, आणि २००७ पासून सैन्याने घरी दिलेल्या गोळ्या परत घ्यायला सुरुवात केली. बाकी बहुतेक बंदुकांना परमिट लागतं. २०१९ ला नियम आणखी कडक करायचे का यावर सार्वमत झालं, जवळपास ६४ टक्के लोक हो म्हणाले. म्हणजे ज्यांचं उदाहरण देताय त्यांनीच नियमांना मत दिलंय. आणि एक गोष्ट या फॉरवर्डमध्ये कधीच नसते. अमेरिकेत २०२१ मध्ये बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या २६,३२८ आत्महत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. त्यात ना चोर ना दरोडेखोर, स्वतःच्याच घरातली स्वतःचीच बंदूक. स्वित्झर्लंडने २००३ मध्ये सैन्य निम्मं केलं, घरातल्या रायफली कमी झाल्या, आणि त्या वयाच्या पुरुषांमधल्या आत्महत्या कमी झाल्या, बहुतेकांनी दुसरा मार्गही शोधला नाही. इस्रायलच्या सैन्याने २००६ च्या सुमारास जवानांना वीकेंडला रायफल घरी न्यायला बंदी केली तर आत्महत्या साधारण ४० टक्क्यांनी घटल्या. तो वाईट क्षण टळला की माणूस वाचतो. इथे आपल्या मराठी घरांमध्येही लोक सेफ्टीसाठी म्हणून घेतात, त्यांना एवढंच विचारते की घरात कॉलेजला जाणारं पोर आहे ना, मग ती कुलपात आहे का आणि किल्ली कोणाकडे आहे?

सेकंड अमेंडमेंटचं लवकर सांगते. १७९१ ची दुरुस्ती, सुरुवातच सुनियंत्रित मिलिशियापासून, म्हणजे नागरिकांच्या फौजेपासून, होते. ती व्यक्तीचा हक्क आहे असं सुप्रीम कोर्टाने २००८ च्या हेलर केसमध्ये म्हटलं, पण त्याच निकालात न्यायमूर्ती स्कालियांनी, जे बंदूकवाल्यांचे लाडके, स्पष्ट लिहिलंय की हा हक्क अमर्याद नाही, गुन्हेगार, शाळा, सरकारी इमारती, विक्रीच्या अटी यावरचे जुने नियम राहतात. २०२४ च्या रहीमी केसमध्ये ८ विरुद्ध १ ने कोर्टाने सांगितलं की घरगुती हिंसेमुळे ज्याच्यावर कोर्टाचा मनाई हुकूम आहे त्याची बंदूक काढून घेता येते. हातच लावता येत नाही म्हणे!

चांगल्या माणसाची बंदूक. टेक्सासमध्ये युवाल्डीच्या शाळेत २४ मे २०२२ च्या गोळीबाराच्या वेळी ३७६ हत्यारबंद पोलीस आणि अधिकारी जमले होते आणि आत जायला ७७ मिनिटं लागली, १९ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. माझ्या मुलीने गेल्या वर्षी लाइट लागणारे बूट घ्यायला नको म्हटलं, मला कळेना, मग म्हणाली शाळेत गोळीबार झाला तर लपायच्या ड्रिलमध्ये अंधारात बसायचं असतं ना आई, ते चमकतात.

राहिलं गांधीजींचं वाक्य. ते खरं आहे, पण ते १९१८ च्या पत्रकातलं आहे, खेडा जिल्ह्यात इंग्रजांच्या फौजेत भरती व्हा असं सांगणारं. फौजेत या, म्हणजे सरकारचा अविश्वास जाईल आणि हत्यारबंदी उठेल, असा त्याचा सूर. आणि त्या १८७८ च्या कायद्यात गोऱ्यांना सूट आणि आपल्याला लायसन्सशिवाय बंदी, असा भेद होता. अमेरिकेतही असे कायदे काळ्या लोकांविरुद्ध वापरले गेलेत, १९६७ ला कॅलिफोर्नियात ब्लॅक पँथर्स ही काळ्या लोकांची संघटना बंदुका घेऊन फिरायला लागल्यावर तेव्हाचे गव्हर्नर रीगन यांनी लगेच भरलेली बंदूक रस्त्यावर बाळगायला बंदी घालणाऱ्या कायद्यावर सही केली, तो इतिहास काही धुतल्या तांदळासारखा नाही, आणि यावर कोणी प्रश्न विचारला तर तो रास्त आहे. पण स्वतंत्र झाल्यावर आपण काय केलं तेही सांगा ना. काँग्रेसच्या १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगायचा हक्क होता, तोही नियमांच्या अधीन राहून, आणि डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथांनी तो मूलभूत हक्कांत घाला म्हणून दुरुस्ती मांडली. बाबासाहेब म्हणाले की आग्रह धरायचा तर हक्काचा नको, देशासाठी शस्त्र उचलायच्या कर्तव्याचा धरा, आणि सरसकट हक्क दिला तर तो चोर-लुटारूंनाही मिळेल. दुरुस्ती नामंजूर झाली. मामा, तुम्ही पुढच्या वेळी गांधीजींचं वाक्य पाठवाल तेव्हा त्याच्याखाली हेही टाका, हवं तर मी टाइप करून देते.