दुसऱ्याच्या नावाचे बूट

आमच्या स्वयंपाकघरातील प्रत्येक भांड्यावर नाव आहे. आजोबांच्या मुंजीतले पातेले, आईच्या रुखवतातला डबा, आमच्या लग्नात आत्याने दिलेली परात, सर्वांवर भांडेवाल्याने ठिपक्याठिपक्यांनी नाव आणि तारीख घातलेली आहे. त्यामुळे वस्तूवरचे नाव वाचून ती कोणाची हे ठरवण्याची, आणि भलतेच नाव दिसले तर ‘हे शेजारच्यांचे परत द्यायचे राहिले’ असे म्हणून ती वस्तू ओट्याच्या कडेला वेगळी काढून ठेवण्याची सवय मला लहानपणापासून आहे. ही सवय पायताणाच्या बाबतीत आड येईल, असे मात्र कधी वाटले नव्हते.

माझ्या पंचावन्नाव्या वाढदिवसाच्या आधी चिरंजिवांनी, जे हिंजवडीत नोकरी करतात आणि म्हणून वडिलांवर खर्च करू शकतात, जाहीर केले, “बाबा, या वर्षी तुम्हाला स्नीकर्स घ्यायचे. आदिदासचे स्टॅन स्मिथ की नाइकीचे एअर जॉर्डन वन, एवढंच तुम्ही सांगा.” मी विचारले, “ही माणसांची नावं आहेत का?” तो “हो” म्हणाला. “मग त्यांचे बूट मी का घालायचे?” या प्रश्नाचे उत्तर त्याने दिले नाही, त्याऐवजी दोन्ही बुटांची छायाचित्रे माझ्या मोबाइलवर पाठवली.

पुढचे आठ दिवस मी अभ्यास केला. वस्तू घेण्याआधी तिच्या कुळाची चौकशी करणे हा आमच्याकडे रिवाज आहे. स्थळे आम्ही अशीच पाहतो.

स्टॅन स्मिथ हे घराणे सात्त्विक वाटले. पांढरे अंग, टाचेवर हिरवा तुकडा, आणि बाजूला आदिदासच्या तीन पट्ट्या, त्याही रंगवलेल्या नव्हेत, तर बारीक भोकांच्या रांगांनी सुचवलेल्या. स्टॅन स्मिथ हा अमेरिकेचा टेनिसपटू, १९७२ चा विम्बल्डन विजेता. बुटाच्या जिभेवर त्याचा चेहरा छापलेला असतो. पुढे मिशांसाठी ओळखला गेलेला हा गृहस्थ बुटावर मात्र बिनमिशीचा आहे, हे पाहून माझ्या आधार कार्डावरील छायाचित्राबद्दलचे दुःख काहीसे हलके झाले. परंतु खरी गंमत पुढेच होती. हा बूट मुळात स्टॅन स्मिथचा नव्हेच. तो रॉबर्ट आयए नावाच्या फ्रेंच खेळाडूच्या नावाने निघाला होता. मधली काही वर्षे बुटावर नाव आयएचे आणि चेहरा स्मिथचा, असा कारभार चालला, आणि १९७८ पासून तो केवळ स्मिथच्या नावाने ओळखला जाऊ लागला. म्हणजे जुने नाव घासून नवे घातलेले भांडे. आमच्या घरात असे एक ताट आहे आणि त्यावरून दोन काकू अकरा वर्षे बोलत नव्हत्या.

एअर जॉर्डनचे घराणे निराळे. हा बूट १९८५ साली दुकानांत आला, तेव्हा त्याची किंमत ६५ डॉलर होती. शिकागोच्या संघाचा बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन याला नाइकीशी करार करण्यात मुळीच रस नव्हता, त्याचे मन आदिदासवर होते. आईने बजावले म्हणून तो नाइकीच्या बैठकीला गेला. हे वाचताच आमच्या सौभाग्यवतींनी एअर जॉर्डनच्या बाजूने मत दिले. त्यातच लाल-काळ्या बुटांना बास्केटबॉलच्या लीगने मनाई केल्याची प्रसिद्ध कथा आहे, कारण संघातील इतरांच्या बुटांशी ते जुळत नव्हते. कंपनीने त्या मनाईचीच जाहिरात केली. मनाई झाली तो बूट बहुधा एअर शिप नावाचा दुसराच होता, असे जाणकार सांगतात. पण कीर्ती मात्र एअर जॉर्डनला मिळाली. जन्मभर ‘येथे बसू नये, येथे टेकू नये, येथे पत्ता विचारू नये’ या पाट्या वाचत सदाशिव पेठेत वाढलेल्या माणसाला मनाईची वस्तू पायात घालून हिंडण्याचा मोह होणारच, आणि मलाही तो झाला, हे मी कबूल करतो.

अखेर एका रविवारी गरवारे कॉलेजच्या स्थानकावरून मेट्रोने रामवाडीपर्यंत आणि तेथून रिक्षाने आम्ही विमाननगरच्या मॉलमध्ये गेलो. लक्ष्मी रस्त्यावरच्या माझ्या नेहमीच्या दुकानात बूट दाखवणारे गृहस्थ पायाकडे पाहूनच माप सांगतात आणि दुसरा जोड मागितला की आपल्या चारित्र्याकडे पाहावे तसे पाहतात. येथील मुलगा मात्र गुडघ्यावर बसून “काका, कसं वाटतंय?” असे विचारत होता. आयुष्यात इतक्या आपुलकीने माझी विचारपूस फक्त दातांच्या डॉक्टरांनी केली आहे, आणि तीही तोंडात हत्यारे असताना.

एअर जॉर्डन घोट्याच्या वर येणारा बूट आहे. तो घालताना नाडी पार तळापासून सैल करावी लागते, मग पाय आत ढकलावा लागतो, आणि मग एकेका भोकाशी तडजोड करत वर यावे लागते. आरशात पाहिले तेव्हा घोट्यापर्यंत मी शिकागोचा होतो आणि त्याच्या वर सदाशिव पेठेचा. तरी ते शोभले असते. प्रश्न शोभेचा नव्हता. प्रश्न असा होता की, आपण बूट घालतो किती वेळ आणि काढतो किती वेळा? ज्या देशात हा बूट जन्माला आला, तेथे माणूस सकाळी तो चढवत असेल आणि रात्री उतरवत असेल. माझ्या एका साध्या शनिवारात मारुतीचे देऊळ, बहिणीचे घर, वैद्यांचा दवाखाना, पलीकडच्या आजोबांची चौकशी आणि पुन्हा स्वतःचे घर, असे पाच उंबरठे येतात. प्रत्येक उंबरठ्याशी, एका हाताने भिंत धरून, दुसऱ्या हातात केळ्यांची पिशवी सांभाळत, मागे उभ्या असलेल्या तिघांना “झालं, झालं” म्हणत घोट्यापर्यंतची नाडी सोडायची, म्हणजे देव दिसेपर्यंत आरती संपायची. शिवाय पाच आकडी किमतीचा जोड देवळाबाहेर ठेवून आत डोळे मिटणे हे माझ्या श्रद्धेच्या पलीकडचे आहे. मी घंटा वाजवली असती ती चोराला इशारा म्हणून.

स्टॅन स्मिथ स्वस्त नव्हता, पण तो चार आकड्यांत होता, आणि नाडी एकदा बेताची बांधली की टाचेने टाच दाबून निघत होता. दिसायलाही तो शाळेतल्या पीटीच्या बुटांसारखा होता, ज्यांना आम्ही शनिवारी रात्री धुऊन सफेदा लावत असू. चोर फसण्याची शक्यता होती. मी आठ नंबरचा जोड घेतला. चिरंजिवांचा चेहरा किंचित उतरला, पण पैसे त्यांनीच दिले.

घरी आल्यावर सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, आतून पेनाने आपलं नाव घाला. परातीवर नाही का, सप्रेम भेट?” मी त्यांच्याकडे कीव येऊन पाहिले. इतक्या महागड्या बुटावर बॉलपेनने आडनाव लिहिणारा माणूस मी नव्हे, असे मी त्यांना सुनावले.

पुढच्याच महिन्यात कर्वे रस्त्यावरील एका मंगल कार्यालयात भाच्याचे लग्न होते. जिलबी आणि मठ्ठ्याला न्याय देऊन मी बाहेर आलो, तेव्हा पोरांनी चपला-बुटांच्या ढिगात शिवाशिवी खेळून घेतली होती. चार पांढरे बूट, हिरव्या टाचांचे, चार दिशांना पडले होते, आणि माझ्याच वयाचे, धोतर नेसलेले एक गृहस्थ त्यांतील एक हातात घेऊन उजेडाकडे धरून पाहत होते. त्यांचाही मुलगा हिंजवडीत होता. त्यांचेही माप आठ होते. दहा मिनिटे आम्ही तळवे हुंगण्याखेरीज सर्व उपाय केले. शेवटी रखवालदार जवळ आला.

“काका, नाव घातलंय का त्याच्यावर?”

“घातलंय,” आम्ही दोघे एकदम म्हणालो.

“काय नाव?”

“स्टॅन स्मिथ,” हेही एकदमच.

त्याने एकदा माझ्याकडे आणि एकदा त्या गृहस्थांकडे पाहिले. “आडनाव एकच आहे, म्हणजे भाऊभाऊच ना तुम्ही?” तो म्हणाला. “मग इथं कशाला भांडताय? घरी जाऊन वाटून घ्या.”