‘आयएसओ १००च्या वर नेऊ नका’ हा सल्ला नवशिक्यांचं नुकसान करतो

नवशिक्यांसाठी चार नियम म्हणून एक संदेश मोबाइलवर फिरतोय: फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्याशिवाय सुरुवात करू नका, पहिल्या दिवसापासून मॅन्युअल मोडच (सगळी सेटिंग स्वतः हाताने) वापरा, आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता) १००च्या वर नेऊ नका, भर दुपारी कॅमेरा बाहेर काढू नका. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेची तयारी करणारी आपली सोलापूरची पोरं तो मनावर घेतात, म्हणून हे लिहितोय.

सगळ्यात घातक नियम आयएसओचा. पूर्व भागातल्या एखाद्या यंत्रमाग कारखान्यात परवानगी घेऊन जा. आत उजेड बेताचा. आयएसओ १००ला शटर १/८ सेकंदावर आलं, म्हणजे तितका वेळ उघडं राहिलं, तर कामगाराचे हात हललेलेच येणार. आयएसओ १६०० केला की त्याच उजेडात, त्याच ॲपर्चरला (लेन्समधल्या छिद्राच्या आकाराला) १/१२५ मिळतं. फोटोत दाणे दिसतील, दिसू देत. ते नंतर बरेचसे कमी करता येतात. हललेला चेहरा धड होत नाही. यात्रेतल्या अंधार पडल्यावरच्या मिरवणुकीलाही हेच लागू.

मॅन्युअल जरूर शिका, पण घरी, निवांत. मिरवणुकीतले नंदीध्वज (उंच सजवलेल्या काठ्या) उन्हातून सावलीत येतात, तेवढ्यात तुम्ही सेटिंग बदलत बसलात तर हवा तो फोटो गेलाच. ॲपर्चर प्रायॉरिटी (ॲपर्चर तुम्ही ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो) ठेवा, ऑटो आयएसओ लावा, किमान शटर १/२५० ठरवून द्या. मग लक्ष फक्त एक्स्पोजर कॉम्पेन्सेशनवर, म्हणजे फोटो उजळ किंवा गडद करायच्या सेटिंगवर. कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालतं. पांढऱ्या बाराबंदीतल्या (बंदांच्या अंगरख्यातल्या) माणसांनी फ्रेम भरली की कपडे मळकट येतात. अर्धा ते एक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) वाढवा आणि हिस्टोग्राम, म्हणजे फोटोतल्या उजेडाचा आलेख, उजव्या कडेला चिकटत नाही ना, ते बघा.

दुपारी डोळ्यांखाली काळी सावली पडते, हे खरंच. मग माणसाला भुईकोट किल्ल्याच्या कमानीत, उन्हाच्या रेषेच्या जरा आत उभं करा, तोंड बाहेर. समोरच्या जमिनीवरून परतणारा उजेड चेहऱ्यावर मऊ येतो.

राहिला कॅमेरा. क्रॉप (फुल फ्रेमपेक्षा लहान) सेन्सरचा जुना कॅमेरा आणि ३५ मिमीची लेन्स शिकायला भरपूर झाली; तेही नसेल तर फोन घ्या. फक्त सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर पक्षी टिपायचे असतील तर लांब लेन्सला पर्याय नाही. पण तिथेही पैसे लेन्सवर घाला, कारण १.५ पटीच्या क्रॉप सेन्सरवर ३०० मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या ४५० मिमीइतकी चौकट देते.