कुठल्या पायथनमध्ये? हे न विचारता ‘पिप इन्स्टॉल कर’ म्हणणं बंद करा

‘मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड फ्लास्क.’ म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेला फ्लास्क ही वेबसाइट बनवायची लायब्ररी (तयार कोडचं पॅकेज) सापडत नाही. कुणी ही ओळ घेऊन मदत मागितली की दहा जण धावत येतात आणि दहाही जण एकच सांगतात: पिप इन्स्टॉल फ्लास्क, म्हणजे पॅकेजं बसवणाऱ्या पिपकडून ते बसवून घे. अरे, केलंय त्याने ते! चारदा केलंय! पिप दर वेळी ‘रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड’ (आधीच बसवलंय) म्हणतंय आणि अ‍ॅप दर वेळी पडतंय. दोन्ही खरं आहे, कारण पिप एका पायथनचं आहे आणि अ‍ॅप चाललंय दुसऱ्याच पायथनवर. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी!

एका लॅपटॉपवर सहज तीन-चार पायथन सापडतात: सिस्टिमचा, होमब्रू किंवा पायएन्व्ह या साधनांनी आणलेला, कोंडा या पॅकेज-साधनाचा आणि प्रोजेक्टच्या व्हेन्व्हमधला (त्या प्रोजेक्टपुरत्या वेगळ्या पायथनच्या फोल्डरातला). पिप ही एक छोटी स्क्रिप्ट आहे. ती ज्या पायथनला बांधलेली असते त्याच्याच साइट-पॅकेजेसमध्ये (पॅकेजच्या फोल्डरात) माल टाकते. म्हणून नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ शिकवणंच चूक आहे. ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल फ्लास्क’ असं लिहा. ज्या पायथनने अ‍ॅप चालवता त्याच्यातच पॅकेज जातं. चार अक्षरं वाचवण्यासाठी नवख्या पोरांच्या रात्री का जाळता?

एरर तरी नीट बोलते का? पायथन 3.6 मध्ये तिला इम्पोर्टएररपासून वेगळं नाव मिळालं, पण कुठल्या पायथनने कुठल्या फोल्डरांत शोधलं, हे ती काही सांगत नाही. ते आपणच काढायचं. अ‍ॅपच्या पहिल्या फाइलीत, बाकी सगळ्या इम्पोर्टच्या (दुसरं मॉड्यूल आत आणणाऱ्या ओळींच्या) वर, सिस इम्पोर्ट करून सिस.एक्झिक्युटेबल (चालू पायथनचा पत्ता) आणि सिस.पाथ (तो शोधतो त्या फोल्डरांची यादी) प्रिंट करा. वेगळ्या टर्मिनलमध्ये तपासून उपयोग नाही. तिथला पायथन वेगळा असू शकतो आणि सिस.पाथची पहिली नोंद तर वेगळी असतेच. या दोन ओळी मागितल्याशिवाय उत्तर देणारा माणूस अंधारात दगड मारतोय.

आणि ते ‘सुडो पिप’! सुडो (अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणं) लावलं की बहुतेक ठिकाणी कमांड शोधायचा पाथ बदलतो आणि व्हेन्व्ह चालू असतानाही माल सिस्टिमच्या पायथनमध्ये जाऊन पडतो. लिनक्सच्या डेबियन 12 आणि उबुंटू 23.04 पासून सिस्टिमचं पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायरन्मेंट’ (हा पायथन सिस्टिम सांभाळते) म्हणून हे अडवतं, तर लोक काय सांगतात? ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’चा फ्लॅग लाव! त्या फ्लॅगचं नाव तरी वाचा! एपीटीने (तिथल्या पॅकेज इन्स्टॉलरने) पायथन3-व्हेन्व्ह टाका, ‘पायथन3 -एम व्हेन्व्ह .व्हेन्व्ह’ करा, विषय संपला.

खरा संताप मात्र आपल्याच कोडच्या इम्पोर्टवर येतो. फोल्डर ‘अ‍ॅप’, आत मेन.पाय आणि मॉडेल्स.पाय. मेनमध्ये लिहिलंय ‘फ्रॉम अ‍ॅप.मॉडेल्स इम्पोर्ट युजर’. ‘पायथन अ‍ॅप/मेन.पाय’ चालवलं की ‘नो मॉड्यूल नेम्ड अ‍ॅप’. फोल्डर डोळ्यांसमोर दिसतोय आणि पायथन म्हणतो नाही! कारण असं की फाइल थेट चालवली तर सिस.पाथच्या डोक्यावर त्या फाइलीचा फोल्डर बसतो, म्हणजे ‘अ‍ॅप’ स्वतः. त्याच्या आत आणखी एक ‘अ‍ॅप’ शोधला जातो, तो कुठून मिळणार? एक फोल्डर वर या आणि ‘पायथन -एम अ‍ॅप.मेन’ चालवा. मग चालू फोल्डर पाथवर येतो आणि टिंब लावलेले रिलेटिव्ह इम्पोर्टही चालतात, नाहीतर ‘नो नोन पेरेंट पॅकेज’चं रडगाणं सुरू.

पण सांगितलं काय जातं? ‘सिस.पाथ.अपेंड कर, चालेल.’ चालतं, आणि तिथेच घात होतो. ‘अ‍ॅप’ आणि त्याचा बाहेरचा फोल्डर दोन्ही पाथवर आले की तीच फाइल एकदा ‘मॉडेल्स’ म्हणून आणि एकदा ‘अ‍ॅप.मॉडेल्स’ म्हणून, अशी दोनदा लोड होऊ शकते. मग डेटाबेसची लायब्ररी एसक्यूएलअल्केमी ओरडते, ‘टेबल इज ऑलरेडी डिफाइन्ड’, आणि बिचारा माणूस दोन दिवस डेटाबेस खणत बसतो. डेटाबेसचा काडीचा संबंध नसतो!

पॅकेजच्या नावांचा घोळ वेगळाच. इम्पोर्ट करायचं पीआयएल, इन्स्टॉल करायचं पिलो. इम्पोर्ट यॅमल, इन्स्टॉल पायवायएएमएल. सीव्ही2 साठी ओपनसीव्ही-पायथन, बीएस4 साठी ब्यूटिफुलसूप4. एररमधलं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नका. 2019 मध्ये ‘जेलीफिश’ या लायब्ररीच्या नावात स्मॉल एलच्या जागी कॅपिटल आय घालून केलेलं पॅकेज पायपीआय या पायथन पॅकेजांच्या भांडारावरून काढावं लागलं. ते एसएसएच आणि जीपीजीच्या (लॉगिन आणि एन्क्रिप्शनच्या) किल्ल्या चोरत होतं. अंदाजाने नावं सांगणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

स्वतःच्या फाइलीला फ्लास्क.पाय नाव देऊ नका, हे पहिल्याच धड्यात मोठ्या अक्षरांत का नसतं? आपलीच फाइल खऱ्या फ्लास्कच्या आधी सापडते, एरर ‘पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल’ (अर्धवट लोड झालेलं) म्हणते, वर ‘सर्क्युलर इम्पोर्ट असावा’ (फाइली एकमेकींना इम्पोर्ट करतायत) असंही सुचवते, आणि माणूस नसलेलं चक्र शोधत राहतो. 3.13 पासून पायथन निदान फाइलीचं नाव बदलायला सुचवतो. त्याआधीच्या आवृत्तीवर फ्लास्क.__फाइल__ प्रिंट करून बघा. उत्तरात आपलाच फोल्डर दिसला तर चोर सापडला.

‘कॅनॉट इम्पोर्ट नेम’ (मॉड्यूल सापडलं, पण आतलं नाव नाही) ही तर निराळीच एरर, पण तिलाही तेच औषध पाजतात. 30 सप्टेंबर 2023 ला फ्लास्क ज्यावर उभा आहे त्या वर्कझ्युगचं 3.0 आलं, त्यातून यूआरएल_कोट हे फंक्शन गेलं, आणि फ्लास्क 2.2 वरची अ‍ॅप्स कोडची एक ओळ न बदलता पडली, कारण रिक्वायरमेंट्समध्ये (लागणाऱ्या पॅकेजच्या यादीत) फ्लास्कची आवृत्ती बांधली होती, वर्कझ्युगची नाही. पुन्हा इन्स्टॉल केलं की तीच नवी आवृत्ती परत येते! ‘वर्कझ्युग<3’ (3 च्या आधीची आवृत्ती) लिहा किंवा फ्लास्क वर न्या. आणि पिप फ्रीझ करून (बसवलेल्या पॅकेजची आवृत्तीसह यादी काढून) सगळ्या आवृत्त्या बांधा, फक्त वरवरच्या नाही.

सर्व्हरवर तर कहर. सिस्टिमडी (लिनक्सवर सर्व्हिस चालवणारा प्रोग्राम) तुमची .बॅशआरसी (टर्मिनलची सेटिंग फाइल) वाचत नाही, तिथे व्हेन्व्ह ‘अ‍ॅक्टिव्हेट’ वगैरे काही घडत नाही. सर्व्हिसच्या फाइलीत एक्झेकस्टार्टमध्ये व्हेन्व्हच्या बिनमधल्या गुनिकॉर्नचा (साइट चालवणाऱ्या सर्व्हरचा) पूर्ण पत्ता द्या, वर्किंगडिरेक्टरी द्या. व्हेन्व्ह उचलून दुसऱ्या फोल्डरात नेऊ नका, आतल्या स्क्रिप्टांत जुने पत्ते कोरलेले असतात, नवीन बनवा. विंडोजवर किंवा मॅकवर चाललेलं ‘मॉडेल्स’ लिनक्सवर पडलं तर कोड साठवणाऱ्या गिटमध्ये फाइलीच्या नावात जुनं कॅपिटल एम राहिलंय का बघा.

आणि कृपा करून ‘वर्कर फेल्ड टू बूट’ एवढ्या एका ओळीचा फोटो पाठवू नका, त्यावर ‘गुनिकॉर्न पुन्हा टाक’ असंही सांगू नका. गुनिकॉर्न धडधाकट आहे. लॉग दाखवणाऱ्या जर्नलसीटीएलला -यू लावून सर्व्हिसचं नाव द्या आणि वर सरका. तीस-चाळीस ओळी वर ट्रेसबॅक (एररचा पूर्ण माग) पडलेला असतो, त्यात फाइल असते, ओळीचा नंबर असतो, सापडत नसलेल्या मॉड्यूलचं नाव असतं. तो अख्खा पाठवा.