घरच्या मोठ्यांना इंटरनेट शिकवताय? साइटचा पत्ता वाचायला शिकवा

आपल्याकडं आई-वडलांना इंटरनेट शिकवायची एकच पद्धत आहे. फोन त्यांच्या हातातून काढून घ्यायचा, चार ठिकाणी बोट फिरवायचं आणि "हे बघा, झालं" म्हणून परत द्यायचा. काय झालं ते त्यांना कळत नाही. पुन्हा विचारायचीही सोय नाही, कारण दुसऱ्यांदा विचारलं की आपला आवाज चढतो.

भारतात सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं 15 ऑगस्ट 1995 ला. आज साठीत असलेली माणसं तेव्हा तिशीत होती. कुणी गुऱ्हाळ चालवत होतं, कुणी अख्ख्या गल्लीच्या भिशीचा हिशेब तोंडपाठ ठेवत होतं. "ह्यांना नाही जमायचं" हे आपण कशाच्या जोरावर म्हणतो?

माझं म्हणणं, सुरुवात व्हॉट्सॲपपासून करूच नये. ते शिकवावं लागत नाही, गुड मॉर्निंगची फुलं आपोआप यायला लागतात. सुरुवात करावी ब्राउझरपासून आणि त्यांच्या जिव्हाळ्याच्या प्रश्नापासून. पावसाळ्यात कोल्हापुरात तो एकच असतो: पाणी किती आलं? क्रोम उघडायला सांगा, माइकचं चित्र दाबायला सांगा आणि मराठीत बोलू द्या, "पंचगंगा पाणी पातळी राजाराम बंधारा". टायपिंगची भीती तिथंच निम्मी जाते. मग बातमीवरची तारीख आणि वेळ शोधायला लावा. राजाराम बंधाऱ्यापाशी 39 फुटांना इशारा आणि 43 ला धोका हे त्यांना तुमच्याआधी ठाऊक असतं. 2019 आणि 2021 चे पुराचे व्हिडिओ "आत्ताचं शिवाजी पुलावरचं दृश्य" म्हणून नव्यानं फिरतात, ते ओळखायला मात्र ही तारखेची सवय लागते.

दुसरा धडा साइटच्या पत्त्याचा. त्याला अख्खी संध्याकाळ गेली तरी चालेल. गावाकडं दोन गुंठे का असेना, जमीन असतेच, म्हणून सातबारा घ्या. भूलेख डॉट महाभूमी डॉट गव्ह डॉट इन. हे वाचायचं पाकिटावरच्या पत्त्यासारखं: मुक्काम पोस्ट वडणगे, तालुका करवीर, जिल्हा कोल्हापूर. मोठं ठिकाण शेवटी. इथंही शेवटचं 'इन' म्हणजे भारत, त्याच्या आधीचं 'गव्ह' म्हणजे सरकार, मग महाभूमी, मग भूलेख. सुरुवातीचं 'https://' दिसलं तर ते सोडून पुढं पहिली तिरकी रेघ येते तिथं थांबायचं आणि उजवीकडून मागं यायचं. 'महाभूमी' लिहिलेलं आहे पण शेवटी नुसतंच 'डॉट कॉम', तर ते सरकारी नव्हे, वर अशोकस्तंभाचं चित्र असलं तरी. डिजिटल सहीचा उतारा सरकारी साइटवर 15 रुपयांत मिळतो, त्याच्यासाठी दीडशे मागणारे भेटले की ओळखायचं.

"पत्त्याशेजारी कुलूप दिसतंय, म्हणजे साइट खरी" हा समज तर शिकलेल्या लोकांतही आहे. कुलपाचा अर्थ एवढाच, की मधल्या वाटेवर तुमचं बोलणं कुणी वाचू शकत नाही. पलीकडं बसलेला सज्जन आहे, याची हमी ते देत नाही. गूगलवर सगळ्यात वर आलेलं सगळ्यात खरं, हाही तसलाच समज. बऱ्याचदा तिथं बारीक अक्षरात 'प्रायोजित' लिहिलेलं असतं, म्हणजे पैसे देऊन मिळवलेली जागा. बँकेचा नंबर तिथून उचलू नका, पासबुकावर किंवा कार्डाच्या मागं असतो तो लावा.

पैशाचं सांगायला फार वेळ लागत नाही. यूपीआयवर पैसे यायला पिन लागत नाही, पैसे येतायत म्हणून पिन मागितला म्हणजे पैसे जाणार. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फाइलच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नाही, ॲप आहे. उघडायची नाही, पाव्हण्याला सरळ फोन लावायचा. आणि व्हिडिओ कॉलवर अटक करणारा पोलीस कुठल्याच कायद्यात बसत नाही.

एवढं करूनही कुणी फसतंच. मग ती माणसं दोन-दोन दिवस घरात सांगत नाहीत, पोरं काय बोलतील म्हणून. इकडं तेवढ्यात पैसे ह्या खात्यातून त्या खात्यात जातात आणि अडवायचे राहून जातात. म्हणून शिकवायला बसाल तेव्हा 1930 हा सायबर फसवणुकीचा नंबर त्यांच्याच हातानं सेव्ह करून घ्या, आणि तोंडानं सांगा: आधी इथं फोन, मग बँकेला, मग मला. मी ओरडणार नाही.

आणि खरंच ओरडू नका.