रोमचे सम्राट ‘देव’ कसे व्हायचे: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेले काही महिने एक मजकूर या ग्रुपवरून त्या ग्रुपवर फिरतो आहे. गोषवारा असा: रोमचा सम्राट गादीवर बसला की स्वतःला देव जाहीर करायचा, साऱ्या साम्राज्यात त्याची पूजा सक्तीची होती, ख्रिस्ती लोकांना मारलं ते सम्राटाला देव मानलं नाही म्हणून, आणि सम्राट कॉन्स्टंटाइन ख्रिस्ती झाला त्या दिवशी हे सगळं बंद पडलं. शेवटी शेरा, ‘लोक किती भोळे होते बघा’. मला सगळ्यात जास्त खटकतो तो हा शेरा. त्या काळची माणसं मूर्ख होती असं एकदा धरलं की त्यांच्या राजकारणाकडे बघायची गरजच उरत नाही, आणि या विषयात तर पावलोपावली राजकारण आहे.

‘गादीवर बसला की देव.’ रोम शहरातली रीत याच्या उलट होती. सम्राट मेला की सिनेट, म्हणजे रोममधल्या बड्या लोकांची राज्यसभा, बसायची आणि ठरवायची. ठराव झाला तर मृताच्या नावाआधी ‘दिवुस’ लागायचं, त्याचं देऊळ उभं राहायचं, पुजारी नेमला जायचा. लॅटिनमध्ये देवाला नेहमीचा शब्द ‘देउस’. ‘दिवुस’ हा मेल्यावर देवपदाला गेलेल्यांसाठी रूढ झाला. दोन्ही शब्द आपल्या ‘देव’चे सख्खे नातलग. आपण गेलेल्या माणसाच्या नावाआधी ‘कै.’ लावतो, तो सरसकट सगळ्यांना लागतो. दिवुसचं तसं नव्हतं, ते मिळेलच याची खात्री नसायची. ऑगस्टसपासून डोमिशियनपर्यंतचे 11 सम्राट घ्या. त्यातल्या फक्त चौघांना ते मिळालं: ऑगस्टस, क्लॉडियस, व्हेस्पेशियन आणि टायटस. तिबेरियसला नाही, कॅलिग्युलाला नाही, नीरोला नाही. डोमिशियनचं तर नावसुद्धा शिलालेखांतून खरवडून काढलं. ज्याच्या हयातीत सिनेटरांना तोंड उघडायची चोरी होती, त्याच्या कारभारावर मत द्यायची ही त्यांना मिळालेली संधी होती. इ.स. 138 मध्ये हेड्रियन गेला तेव्हा सिनेट अडून बसली. वारस अँटोनायनसने हट्ट धरला म्हणून ठराव झाला.

वारस हट्ट का धरायचा? कारण बाप देव झाला की मुलगा आपोआप देवाचा पुत्र. ही वाट ऑक्टेव्हियनने पाडली, म्हणजे पुढे ज्याला ऑगस्टस म्हणाले त्याने. इ.स.पू. 44 च्या मार्चमध्ये रोमचा सत्ताधीश ज्युलियस सीझर याचा खून झाला; मृत्युपत्रात त्याने ऑक्टेव्हियनला दत्तक घेतलं होतं. त्या उन्हाळ्यात सीझरच्या स्मरणार्थ खेळ चालू असताना आकाशात धूमकेतू दिसला आणि हा सीझरचा आत्मा, असं लोक म्हणू लागले. इ.स.पू. 42 मध्ये सिनेटने सीझरला देव ठरवलं. ऑक्टेव्हियन तेव्हा विशीतला पोरगा, भोवती मुरलेले सेनापती. त्याने नाण्यांवर स्वतःला काय म्हणवलं? ‘दिवी फिलियस’, देव झालेल्याचा मुलगा. स्वतःला देव म्हणवायची जोखीम त्याने रोममध्ये कधी घेतली नाही.

आता तो भोळेपणा जवळून बघू. 193 साली पर्टिनॅक्स या सम्राटाला त्याच्याच अंगरक्षक दलाच्या शिपायांनी ठार मारलं. तीन महिन्यांहून कमी काळ तो गादीवर होता. पुढे सत्ता हातात घेतलेल्या सेप्टिमियस सेव्हरसने त्याचा थाटात अंत्यविधी केला. मरून महिने लोटलेले, म्हणून फोरममध्ये, म्हणजे रोमच्या मुख्य चौकात, मेणाचा पुतळा निजवला होता. कॅशियस डिओ हा इतिहासकार तेव्हा सिनेटर होता. त्याने लिहून ठेवलंय की पुतळ्याशेजारी एक देखणा मुलगा मोरपिसांनी माश्या वारत उभा होता, जणू माणूस झोपलाय. मग चिता पेटवली आणि तिच्यातून गरुड आकाशात सोडला. मेणावर माश्या बसतात म्हणून तो मुलगा उभा नव्हता, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. खून झालेल्या सम्राटाचा मान परत केला जातोय आणि तो परत करणाराच आता खरा वारस, हेही कळत होतं. याच डिओने आणखी एक गोष्ट नोंदवली आहे: ऑगस्टसला स्वर्गात जाताना मी पाहिलं अशी शपथ न्यूमेरियस अटिकस नावाच्या सिनेटरने घेतली आणि ऑगस्टसच्या विधवेने, लिव्हियाने, त्याला 10 लाख सेस्टर्स (रोमन नाणी) दिले. हे लिहिणाऱ्याला भोळा कसं म्हणायचं?

‘सगळीकडे सक्ती.’ पूर्वेकडच्या ग्रीक शहरांत जिवंत सम्राटाची देवळं होती, हे खरं आहे. पण ती मागून घेतलेली होती. इ.स.पू. 29 मध्ये तिकडच्या लोकांनी ऑक्टेव्हियनकडे परवानगी मागितली; पर्गामम आणि निकोमिडिया इथे त्याने ती दिली. आपल्या राजांना देवासारखा मान द्यायची चाल ग्रीकांत आधीपासूनच होती. पुढे तिबेरियसच्या एका देवळासाठी आशिया प्रांतातल्या (आजच्या पश्चिम तुर्कस्तानातल्या) 11 शहरांनी सिनेटपुढे भांडण मांडलं आणि स्मर्ना जिंकलं. देऊळ मिळालं की शहराचा मान वाढायचा, उत्सव यायचे, रोमच्या दरबारात शब्दाला वजन यायचं. याच तिबेरियसने इ.स. 25 मध्ये स्पेनकडून आलेली देवळाची मागणी फेटाळली आणि मी मर्त्य माणूस आहे, असं सिनेटमध्ये सांगितलं. क्लॉडियसने अलेक्झांड्रियाकरांना 41 साली पाठवलेलं पत्र पपायरसवर शिल्लक आहे. त्यातही माझ्यासाठी पुजारी नको, देऊळ नको, असं आहे. जेरुसलेमचे ज्यू सम्राटाला बळी देत नसत. सम्राटासाठी म्हणून आपल्याच देवाला रोज बळी देत, आणि रोमला ते चालायचं.

अपवाद होते, ते मान्यच करायला हवेत. कॅलिग्युलाने जेरुसलेमच्या मंदिरात स्वतःचा पुतळा बसवायचा हुकूम सोडला. सीरियाचा सुभेदार पेट्रोनियस वेळ काढत राहिला आणि तेवढ्यात जानेवारी 41 मध्ये कॅलिग्युला मारला गेला. डोमिशियनला ‘स्वामी आणि देव’ म्हणवून घेणं आवडायचं, असं रोमन चरित्रकार स्युटोनियस लिहितो. त्याचाही खूनच झाला. मजकूर लिहिणाऱ्याने या दोघांवरून साऱ्या साम्राज्याचा नियम काढला आहे.

‘ख्रिस्ती लोक यासाठीच मारले गेले.’ हा मुद्दा सर्वांत गंभीर, कारण इथे माणसांचे जीव गेले आहेत. साधारण 112 च्या सुमारास बिथिनियाचा (आजच्या उत्तर तुर्कस्तानातल्या प्रांताचा) सुभेदार प्लिनी याने संशयितांपुढे देवांच्या मूर्ती ठेवल्या, सोबत तेव्हाचा सम्राट ट्राजन याची प्रतिमाही ठेवली, आणि धूप-मद्य वाहायला लावलं. म्हणजे सम्राटाची प्रतिमा तिथे होती, हे नाकारता येत नाही. पण ट्राजनचं उत्तर वाचा. ख्रिस्त्यांना हुडकत फिरू नका; कुणी मी ख्रिस्ती नाही म्हणत असेल तर त्याने आपल्या, म्हणजे रोमच्या, देवांची प्रार्थना करून ते दाखवावं. स्वतःच्या प्रतिमेचा त्यात शब्दही नाही. इ.स. 250 मध्ये सम्राट डेसियसच्या हुकमाने सर्वांना बळी देऊन दाखला घ्यावा लागला. इजिप्तमध्ये असे चाळीसहून जास्त दाखले सापडले आहेत. एक ऑरेलियस डायोजेनिस या म्हाताऱ्याचा आहे: वय 72, उजव्या भुवईवर व्रण, आणि मी नेहमीच देवांना बळी देत आलो आहे, असं निवेदन. बळी देवांना. छळाचं मूळ तिथे होतं: शहराच्या, राज्याच्या देवांकडे पाठ फिरवली तर ते कोपतील आणि सगळ्यांचं वाटोळं होईल, ही भीती.

‘कॉन्स्टंटाइनने एका फटक्यात बंद केलं.’ त्याने इटलीतल्या हिस्पेल्लम गावाला स्वतःच्या घराण्याच्या नावाने देऊळ बांधायची परवानगी दिली होती. त्यात बळी वगैरेचा विटाळ नको, एवढीच अट. 337 मध्ये, मरणाच्या तोंडावर बाप्तिस्मा घेऊन तो गेला. मग त्याच्या मुलांनी नाणी पाडली. एका बाजूला डोक्यावरून वस्त्र घेतलेला कॉन्स्टंटाइन, नावाआधी ‘दिवुस’ची आद्याक्षरं. दुसऱ्या बाजूला चार घोड्यांच्या रथातून वर निघालेला तोच, आणि त्याला घ्यायला आकाशातून खाली आलेला एक हात.